क्षेत्र जुळत नव्हतं, बाबा

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "असं काय जुळत नव्हतं, की आईच्या ऑपरेशनच्या संध्याकाळीच तू परत गेलीस?" तुमच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. हल्ली फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मलाही ते दोन वाक्यांत सांगता येईना. म्हणून लिहायला बसले.

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात चिप बनत नाही, तिचा नकाशा बनतो. आधी एक जण सर्किट काढतो: कुठला ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा इवलासा खटका, कुणाला जोडलाय, त्याची रुंदी किती, लांबी किती. तो आमचा सातबारा. मग दुसरा माणूस तेच सर्किट सिलिकॉनवर कसं बसेल, ते थराथराने आखतो. तो मोजणीचा नकाशा. कारखान्याकडे पाठवण्याआधी एक प्रोग्राम नकाशातले ट्रान्झिस्टर नव्याने मोजतो आणि सातबाऱ्याशी ताडून बघतो. या तपासणीला एलव्हीएस म्हणतात.

मी परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी बघते तर जोडण्या सगळ्या जुळल्या होत्या. खातेदार तेच, शेजारी तेच, पण क्षेत्र जुळेना. 61 ट्रान्झिस्टरांवर तक्रार.

त्यातल्या 38 लगेच मिटल्या. एका भागात मापं मीटरमध्ये लिहिलेली, बाकी सगळीकडे मायक्रोमीटरमध्ये; फरक दहा लाख पटींचा. तुमच्या गुंठे-आरच्या घोळापेक्षा हे बरं. गुंठा 101 चौरस मीटरचा, आर 100 चा, तिथे चूक डोळ्यांत भरतच नाही.

पुढच्या 17 नी मात्र दुपार खाल्ली. 8 मायक्रोमीटर रुंदीचा ट्रान्झिस्टर सलग आखत नाहीत, 2-2 चे चार पट्टे शेजारी शेजारी ठेवतात. त्यांना फिंगर म्हणतात, पण खरं तर ते पोटहिस्सेच. सर्किटात लिहिलेलं "रुंदी 2, फिंगर 4". प्रोग्रामने नकाशातले चारही पट्टे जोडून 8 काढले आणि 2 शी ताडले! पोटहिस्स्यांची बेरीज मूळ नंबराच्या एकूण मापाशी लावायची, हे त्याला नियमांच्या फाइलीत लिहून द्यावं लागतं. आणि तेही जपून. पट्टे समांतर जोडलेले असले तरी त्यांची लांबी एकच असेल तरच बेरीज करायची.

चार तक्रारी खऱ्या होत्या, पण निरुपद्रवी. 4 मायक्रोमीटरचे तीन पट्टे केले की एक येतो 1.333 चा. आमच्याकडे रेघ 5 नॅनोमीटरच्या, म्हणजे 0.005 मायक्रोमीटरच्या, जाळीवरच पडते, म्हणून तो होतो 1.335 आणि बेरीज 4.005. एवढ्यासाठी प्रोग्रामला एक टक्क्याची सूट देतात. ती रास्त आहे.

राहिले दोन. सर्किटात लांबी 0.5 मायक्रोमीटर, नकाशात 0.48. चार टक्के. रात्रीचे साडेदहा झालेले, सकाळी नकाशा पाठवायचा. सूट पाच टक्के केली की यादी कोरी होणार होती. तसं सुचवलंही गेलं.

बाबा, तुम्हाला ती नदीकाठच्या शेताची मोजणी आठवते? अडीच गुंठ्यांचा फरक येत होता. बांध वाकडातिकडा असतो, साहेब, करा सही, असं सगळे म्हणत होते. तुम्ही मला साखळीचं टोक धरायला लावून पुन्हा पहिल्या खुणेपासून सुरुवात केलीत. अंधार पडला, आई कंदील घेऊन शोधत आली. तुमची मोजणी बरोबर होती, बांधच सरकवलेला होता.

मी सूट वाढवली नाही. ते दोघे एका तिसऱ्या ट्रान्झिस्टरच्या प्रवाहाची नक्कल करणारे होते. तिसऱ्याची लांबी नकाशात बरोबर 0.5 होती, म्हणजे या दोघांतून प्रवाह साधारण चार टक्के जास्तच गेला असता. शोधल्यावर कळलं, की मध्यंतरी लांबी 0.48 ची 0.5 केली गेली, तिसरा ट्रान्झिस्टर नव्याने आखला गेला आणि या दोघांच्या जागी मात्र जुनीच प्रत राहिली. ते दोघे वाढवले, शेजारच्या तारा सरकवल्या, सगळ्या तपासण्या पहिल्यापासून चालवल्या. पहाटे तीनला यादी कोरी झाली, एक टक्क्याच्याच सुटीत. एकदा मास्क, म्हणजे नकाशा सिलिकॉनवर उमटवायचे साचे, बनले की हे खोडता येत नाही.

एवढं सगळं खरं असलं, तरी त्या संध्याकाळी मी निघायला नको होतं. दुसरं कुणी हे बघेल का, असं मी ऑफिसात विचारलंसुद्धा नाही. आई, तू ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आलीस तेव्हा माझा हात चाचपत होतीस आणि मी घड्याळ बघत होते. ते मनातून जात नाही.

हे पत्र तू वाचू नकोस, बाबांकडून वाचून घे. बाबा, थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, आणि तिला चुलीपाशी वाकू देऊ नका.

शनिवारी सकाळी ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस पकडते. दुपारच्या जेवणाला घरी असेन, भात माझा धरा. मंगळवारपर्यंत रजा घेतली आहे. सोमवारी डोळा दाखवायला आईला मी नेणार.

तुमची,
सोनू