एका गोळीचे सहा तुकडे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस. म्युनिकहून येत्या रविवारी मैत्रिणींबरोबर दाखाऊची छळछावणी बघायला जाते आहेस, तर आधी कोणता सिनेमा बघू, हा एक. आणि दुसरा: "बाबा, मी दुसरीत असताना एकदा रात्री पाणी प्यायला उठले, तर तुम्ही बंद टीव्हीसमोर अंधारात बसला होता. काय झालं होतं?" तेव्हा फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहितोय.

त्या रात्री मी भाड्याने आणलेल्या सीडीवर 'द पियानिस्ट' बघितला होता. त्यात एक अगदी छोटा प्रसंग आहे. १९४२चा ऑगस्ट. वॉर्सातल्या ज्यू लोकांना रेल्वेच्या धक्क्याजवळ उन्हात आणून बसवलंय. त्यात श्पिलमन कुटुंब: आई, वडील, दोन मुलगे, दोन मुली. एक पोरगा गळ्यात खोका अडकवून गोळ्या विकतोय, अव्वाच्या सव्वा भावाने. वडील सगळ्यांकडचे उरलेसुरले पैसे गोळा करतात, कॅरॅमलची एक गोळी घेतात आणि खिशातल्या चाकूने तिचे सहा तुकडे करतात. थोड्याच वेळात गाडी लागते. धाकट्यांना, थोरल्यांना, सगळ्यांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. पियानो वाजवणाऱ्या मुलाला एका पोलिसाने रांगेतून बाहेर ओढलं, म्हणून तो एकटा राहिला. हे खरं घडलेलं आहे. त्याने युद्धानंतर लगेच, १९४६ साली आलेल्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लेलं ते शेवटचं.

त्या वर्षी २२ जुलै ते २१ सप्टेंबर या दोन महिन्यांत वॉर्साहून सुमारे २ लाख ६५ हजार माणसं ट्रेब्लिंकाला पाठवली गेली. हा आकडा मी आधीही वाचला होता. वाचून पान उलटलं होतं. त्या गोळीनंतर मला उठता येईना.

कारण त्याच संध्याकाळी तू आणि दादाने डब्यातली शेवटची लिमलेटची गोळी तुझ्या फ्रॉकच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी फोडली होती. मोठा तुकडा कुणाचा यावरून भांडलात आणि मी दोघांवर ओरडलो होतो. तू पाणी पिऊन गेल्यावर मी तुमच्या खोलीत आलो. बराच वेळ उभा होतो. एवढंच झालं होतं.

कॉलेजात असताना 'शिंडलर्स लिस्ट' बघितला, तेव्हाही रडलो होतो. काळ्यापांढऱ्या पडद्यावर लाल कोटातली ती लहान मुलगी कुणाला विसरता येईल? पण तेव्हा बाहेर पडताना मनात आशाच जास्त होती. शिंडलरमुळे अकराशेच्या वर माणसं वाचली होती ना! पोरं झाल्यावर सिनेमा तोच राहत नाही. 'लाइफ इज ब्यूटिफुल' तुझ्या आईला फार आवडतो. छावणी हा एक खेळ आहे असं बाप मुलाला भासवत राहतो, ती कल्पना मलाही हलवून गेली. तरी खरं सांगतो, त्यावर माझा आता पूर्ण विश्वास बसत नाही. ऑश्विट्झच्या छावणीत उतरलेली बहुतेक लहान मुलं त्याच दिवशी मारली गेली. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंत सुमारे पंधरा लाख मुलं होती. बापाच्या हाताशी खेळायला वेळच नव्हता.

माझ्या मनात सगळ्यात खोल गेलेला सिनेमा दिसायला अगदी साधा आहे. क्लोद लान्झमानचा 'शोआ', १९८५चा, नऊ तासांहून मोठा. त्यात छावणीचं एकही जुनं चित्रण नाही. फक्त माणसं बोलतात आणि आजची जागा दिसते: गवत, झाडं, रूळ. त्यात अब्राहम बोम्बा नावाचा न्हावी आहे. ट्रेब्लिंकात गॅसने मारण्याआधी बायकांचे केस कापायला लावलेल्यांपैकी तो एक. लान्झमानने त्याच्यासाठी तेल अवीवमधलं एक सलून भाड्याने घेतलं, समोर एक माणूस बसवला, हातात कात्री दिली. बोम्बा केस कापत कापत सपाट आवाजात सांगतो. मग त्याच्याच गावच्या एका न्हाव्याची बायको आणि बहीण तिथे आत आल्या, इथपर्यंत येतो आणि थांबतो. बोलतच नाही. कात्री चालू असते. लान्झमान त्याला पुढे सांगायला लावतो. असं लावावं की लावू नये, यावर मी स्वतःशी पुष्कळ भांडलोय. आज मला वाटतं, त्याने लावलं नसतं तर त्या दोघी कुणाला कळल्याच नसत्या.

आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला युद्धकाळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले होते, हे तुला आजीने सांगितलंय. लहानपणी मला वाटायचं तेही हिटलरच्या छावणीतून सुटून आलेले. ते वेगळे. त्यांना सोव्हिएत सरकारने सायबेरियाकडे हाकललं होतं, तिथून ते आले. तिथे कुणी विचारलं, तर दोन्ही दुःखं एकात मिसळून सांगू नकोस.

तर जाण्याआधी काही बघू नकोस, असं माझं मत. दाखाऊ १९३३च्या मार्चमध्ये सुरू झाली, हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. सुरुवातीचे कैदी त्याचे राजकीय विरोधक होते. ट्रेब्लिंकासारखी नुसती मारण्यासाठी बांधलेली ती जागा नव्हती, तरी ४१ हजारांवर माणसं तिच्यात मेली. ३४ बराकींपैकी दोन पुन्हा उभारल्यात, बाकीच्यांच्या जमिनीवर फक्त खुणा आहेत. सिनेमा बघून गेलीस, तर त्या मोकळ्या जमिनीवर तुला सिनेमातली माणसं दिसत राहतील. आधी ती मोकळी जमीनच बघ. आणि बाहेर पडलीस की गावातल्या घरांकडे, खिडक्यांकडे बघ. 'द झोन ऑफ इंटरेस्ट' या सिनेमात ऑश्विट्झच्या कमांडंटची बायको बागेत फुलं लावते, भिंतीपलीकडून नुसते आवाज येतात. तो मला पुन्हा बघवला नाही.

'शोआ' मग सावकाश बघ, रोज थोडा थोडा. एकटी बघू नकोस, कुणाला तरी शेजारी बसव.

थंडी असेल, कानटोपी ने. परत आलीस की फोन कर. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजून गेले असले तरी कर, मी जागा असेन.

तुझा,
बाबा