चिलखत नसलेला सामुराई

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

तू पोरांना दांडपट्टा शिकवतोस, शस्त्र धरलेला हात तुला पटकन कळतो, म्हणून हे तुलाच लिहितोय. हल्ली मी जपानी सामुराईंचे जुने फोटो बघत बसतो. त्यातले बरेच फेलिचे बियातो या युरोपी फोटोग्राफरने काढलेले. हाच माणूस १८५८ मध्ये लखनौला होता. सिकंदरबागेच्या अंगणात हाडं विखुरलेला तो अंगावर येणारा फोटो त्याचाच. १८६३ मध्ये तो योकोहामाला पोचला. तीन वर्षांनी तिथे मोठी आग लागली आणि त्याच्या काचेच्या निगेटिव्ह जळाल्या. त्याने पुन्हा सगळं उभं केलं.

त्या काळच्या स्टुडिओंतले चिलखतवाले फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. लाखेच्या पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या, शिरस्त्राणाला शिंगं, वर जपानी चित्रकारांनी हाताने भरलेले रंग. फार देखणे आहेत. पण अडीचशे वर्षांच्या शांततेत ती चिलखतं बहुतेक पेटीतच राहिली होती, आणि लढाईत बंदुका आल्या होत्या. हे फोटो विकत घेणारे बहुतेक परदेशी; त्यांच्यासाठी कधी पैसे देऊन माणूस बसवायचा आणि त्याच्या अंगावर चिलखत चढवायचं. चिलखत खरं, पण आतला माणूस योद्धा असेलच असं नाही.

मला खरा योद्धा दिसतो तो हिजिकाता तोशिझोच्या फोटोत. हा क्योतोच्या शिन्सेनगुमी पथकाचा उपप्रमुख, शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, बाजूने शेवटपर्यंत लढलेला. केस कापलेले, अंगात युरोपी कोट, पायात उंच बूट, घड्याळाची साखळी, आणि कमरेला तलवार. खुर्चीवर शांत बसलाय. उत्तर जपानातल्या हाकोदातेला, शेवटच्या लढाईत, पराभव समोर दिसत असताना त्याने हा फोटो आणि आपल्या केसांची बट एका पोरसवदा शिपायाबरोबर हिनोला, घरच्यांकडे पाठवली. जून १८६९ मध्ये गोळी लागून तो गेला. वय चौतीस. विनू, त्या चेहऱ्यावरून माझी नजर हलत नाही. चिलखताची एक पट्टीही अंगावर नाही, तरी त्याच्यापुढे ते सगळे शिंगवाले फिके पडतात.

पुढे सात वर्षांत, १८७६ मध्ये, सरकारने तलवार बाळगायलाच बंदी घातली. म्हणजे कॅमेरा जपानात नीट रुजला तोवर ही माणसं संपत आली होती. आपल्याला जे दिसतं ते त्यांच्या अगदी शेवटच्या वर्षांतलं आहे, याची मला फार हळहळ वाटते.

आता तुझं काम. साध्या कपड्यांतल्या फोटोंत तलवार कमरपट्ट्यात खोचलेली असते, धार वरच्या बाजूला, म्हणजे उपसता उपसता वार बसावा. चिलखतावर मात्र जुन्या पद्धतीची तलवार धार खाली करून टांगलेली असायची. सोबत काही प्रती पाठवतोय. एकेकाची तलवार आणि पकड बघ, आणि कोणाला खरंच सवय होती असं तुला वाटतं ते सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
सुधीर