विहिरीतला तो धक्का

नाशिक,
रविवार, रात्री ११

प्रिय पक्या,

तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला. उत्तराला उशीर झाला, कारण उजवा खांदा वरच जात नव्हता. हसू नकोस. मी विद्यापीठाच्या कॅनू पोलो क्लबात नाव घातलंय.

क्लब म्हणजे फार काही डोळ्यांसमोर आणू नकोस. सहा कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद बोटी, त्यातली एक गळकी, आणि नवख्यांच्या वाट्याला येणारी जुनी हेल्मेटं, आतून कुबट वास मारणारी. खेळ मात्र झकास आहे. वॉटरपोलोसारखा चेंडू, पण सगळे बोटीत बसलेले. एका बाजूचे ५ जण पाण्यात, १०-१० मिनिटांचे दोन डाव. गोल पाण्यापासून २ मीटर वर टांगलेला असतो आणि गोलकीपर वल्हं उभं धरून तो अडवतो, आजी कोळ्याची जाळी काढायला झाडू धरायची ना, अगदी तसा. आमच्या सहा बोटींत आम्ही तीन-तीन खेळतो.

घरी सांगितल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "म्हणजे दत्तू भोकनळसारखं?" इथे वल्हं म्हटलं की दुसरं नाव कोणाला सुचतच नाही. चांदवड तालुक्यातला तळेगाव रोहीचा पोरगा २०१६ला रोइंगमध्ये रिओ ऑलिंपिकपर्यंत गेला, तेव्हा ते योग्यच आहे. पण रोइंगमध्ये पाठ करून पुढे जायचं असतं, आमच्यात समोर बघून. समोर बघूनही मी धडकतोच, ती गोष्ट वेगळी.

ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. कंबरेभोवती रबराचा घागरा घालतात, स्प्रेडेक म्हणतात त्याला. त्याची कड बोटीच्या तोंडाला ताणून बसवली की तू आणि बोट एकच. पुढे एक पट्टा असतो. उलटलास तर तो ओढायचा आणि सुटायचं. मी बोटीत बसल्यावर दोन मिनिटांतच उलटलो. हिरवा काळोख, नाकात पाणी, आणि हात पट्टा सोडून भलतीकडेच चाचपडतायत. खरं सांगू, तेव्हा मला तूच आठवलास. निफाडची विहीर, पाठीला बांधलेला डबा, "मी धरलंय रे" म्हणत तू दिलेला धक्का. त्यानंतर मी तुझ्याशी आठवडाभर बोललो नव्हतो.

नंतर धरणातून विसर्ग वाढला, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, आणि आम्ही तरणतलावात आलो. तिथे महिनाभर एकच काम: उलटं व्हायचं आणि बोटीसकट सरळ यायचं. याला रोल म्हणतात. शेवटच्या वर्षाची एक ताई शिकवते. ती बोटीच्या नाकाला धरून उभी राहते आणि एकच वाक्य घोकते, "डोकं सगळ्यात शेवटी." बोट कमरेने फिरवायची, डोकं पाण्यातच राहू द्यायचं. मन ऐकत नाही रे. श्वासासाठी मान आधी वर येते, की बोट परत उलटी. मोजून एकोणीस वेळा. विसाव्या वेळी काय झालं ते मलाही कळलं नाही. डोळे उघडले तर छत दिसलं आणि ताई चहाला निघून गेली होती. कोणी बघितलंच नाही!

आता तुझ्या कामाचा नियम ऐक. ज्याच्या हातात चेंडू आहे, त्याला उघड्या तळव्याने खांद्यावर किंवा पाठीवर ढकलून पाण्यात पाडायला परवानगी आहे. रीतसर. चेंडू ५ सेकंदांच्या वर हातात ठेवता येत नाही, आणि ठेवलाच तर कोणी ना कोणी पाडतंच. मी गेल्या रविवारी बारा वेळा पडलो. मी वर आलो की पाडणारे "लागलं का?" विचारतात, तू तेवढंही विचारलं नव्हतंस. नंतर गंगापूर रोडला सगळ्यांनी मिसळ खाल्ली, पापड आणि दह्यासकट. माझ्या कानातून रश्शात पाणी ठिबकत होतं.

दिवाळीला येतोयस ना? तुझ्यासाठी एक बोट सांगून ठेवलीय, गळकी नव्हे. काकूंना म्हणावं, टॉवेल दोन दे. खेळायला बसलो की पहिला चेंडू मी तुझ्याच हातात देणार आहे.

तुझा,
सम्या