रजेचा हिशेबही मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देश श्रीमंत व्हायचा असेल तर लोकांनी आणखी तास राबावे, सुट्ट्या कमी घ्याव्यात, असे हल्ली वारंवार ऐकू येते. मी २७ वर्षे आस्थापना विभागात रजेची नोंदवही सांभाळली. या विषयावर गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

नुसत्या तासांनी संपत्ती वाढत असती, तर मेक्सिको जर्मनीच्या पुढे असता. मेक्सिकोत माणूस वर्षाला सरासरी २,२०० तासांच्या आसपास काम करतो, जर्मनीत सुमारे १,३४०. मेक्सिकोत पहिल्या वर्षी हक्काची रजा होती अवघी ६ दिवस. २०२३ मध्ये ती १२ झाली. जर्मनीत कायद्यानेच किमान ४ आठवडे मिळतात, शिवाय कामगार संघटनांच्या करारांमुळे अनेकांना ५-६ आठवडे. जर्मनीत अर्धवेळ काम करणारे, विशेषतः स्त्रिया, पुष्कळ आहेत, त्यामुळे तिथली सरासरी खाली दिसते हे खरे. तेवढे वगळले तरी पारडे फिरत नाही. एका तासात किती काम निघते हे हाताशी असलेली यंत्रे, शिक्षण, वीज, वाहतूक आणि कामाची आखणी यांवर ठरते. ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा, २०११ मध्ये, जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी दक्षिण युरोपातल्या सुट्ट्यांकडे बोट दाखवले होते. प्रत्यक्षात ग्रीक माणूस वर्षाकाठी जर्मन माणसापेक्षा शेकडो तास जास्त राबत होता.

‘आधी श्रीमंत व्हा, मग सुट्टी मागा’ हेही मला पटत नाही. फ्रान्सने १९३६ मध्ये, मंदीच्या काळात, कामगारांना २ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. तिसरा आठवडा १९५६ मध्ये आला, चौथा १९६९ मध्ये, पाचवा १९८२ मध्ये. महायुद्धानंतर फ्रान्सची भरभराट झाली ती याच वर्षांत, रजा वाढत असताना.

अमेरिकेचे उदाहरण मात्र टाळता येणार नाही. तिथे खासगी नोकरदाराला भरपगारी रजा द्यायला भाग पाडणारा संघराज्याचा कायदाच नाही, आणि दरडोई उत्पन्न जर्मनी-फ्रान्सपेक्षा बरेच जास्त आहे. पण त्यातला मोठा वाटा जास्त तासांचा आहे. दर तासाच्या उत्पादनात अंतर पुष्कळ कमी होते. म्हणजे ते लोक वेळ देऊन पैसा घेतात. स्वित्झर्लंडच्या मतदारांनीही २०१२ च्या सार्वमतात ६ आठवड्यांची रजा दोन-तृतीयांश मतांनी नाकारली. लोकांनी विचारांती घेतलेल्या अशा निर्णयाचा मला आदर आहे. माझे दुखणे निराळे आहे, आणि ते जपानकडे पाहिले की कळते.

जपानमध्ये कायद्याने पहिल्या ६ महिन्यांनंतर १० दिवस रजा मिळते, पुढे ती २० पर्यंत जाते. तरीही वर्षानुवर्षे लोक त्यातली निम्मीच घेत. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला त्या भाषेत ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे! अखेर एप्रिल २०१९ पासून, ज्यांची १० किंवा अधिक दिवस रजा जमा होते त्यांना वर्षात किमान ५ दिवस रजेवर पाठवणे ही मालकाची जबाबदारी ठरली, चुकल्यास दंड. हे वाचले आणि माझी नोंदवही डोळ्यांपुढे आली. दरवर्षअखेर मी किती जणांच्या नावापुढे ‘रजा व्यपगत’, म्हणजे न घेतल्याने बुडाली, असे लिहिले! मागितली असती तर मिळाली असती, असे वरिष्ठ म्हणत. पण मागताना साहेबांच्या कपाळाला आठी पडायची, आणि ती आठी बढतीच्या वेळी आठवायची. एका सहकाऱ्याने ११ वर्षांत आजारपणाखेरीज एकही रजा घेतली नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला विचारले, ‘ते सगळे दिवस गेले कुठे?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

म्हणून एक विनंती. देशांच्या दरडोई उत्पन्नाचे तक्ते आपण छापता, त्यात आणखी दोन रकाने जोडावेत: वर्षाला कामाचे तास, आणि लोकांनी खरोखर घेतलेली रजा. कायद्यात लिहिलेली नव्हे, घेतलेली.

आपली नम्र,
एक निवृत्त आस्थापना कर्मचारी