नाताळचा केक झाला, आता जरा दानाच्या थैलीबद्दल

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार, आणि आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत एकमेकांना भेटलं की सलाम म्हणतात म्हणून सलामपण.

तुमची नाताळची पुरवणी वाचली. दरवर्षी वाचतो, कारण त्या दिवशी आमच्याबद्दल काहीतरी छापून येतं आणि घरातले सगळे पेपर ओढत असतात. यंदाही तेच, प्लम केक, लाल टोपीवाला सांता, चांदणी आणि गोव्याच्या एका चर्चचा फोटो. राग आला असं नाही, केक आम्हीपण खातो, पण मनात आलं की वर्षाचे बाकीचे 364 दिवस आम्ही काय करतो हे कुणाला माहीतच नाही, आणि त्यात लेखात एक वाक्य होतं की "पाश्चात्त्य पद्धतीने उपासना करणारा हा समाज", ते वाचून मात्र चहा गार झाला. माझी सून शाळेत शिकवते, तिला तर स्टाफरूममध्ये अजून विचारतात की तुम्ही ख्रिश्चन असून मराठी इतकं छान कसं बोलता. आता काय सांगणार. आमच्या घरात पाच पिढ्यांत कुणी मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत भांडलेलं नाही.

मी काही लेखक नाही. पोस्टात काउंटरवर आयुष्य गेलं, रिटायर झालो आणि गेली 11 वर्षं गावच्या चर्चचा खजिनदार आहे. खजिनदार कसा झालो तर वार्षिक सभेत "कोण होतंय" असं विचारल्यावर सगळ्यांनी खाली बघितलं, मी नेमका चष्मा पुसत होतो, पुसून वर बघितलं आणि संपलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, 12 शिष्यांमध्ये पैशाची डबी कुणाकडे होती आठवतंय का? येशूला धरून देणाऱ्या यहूदाकडे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात तसं लिहिलेलंच आहे, त्यामुळे वादपण घालता येत नाही. हा जोक आता दर वार्षिक सभेला होतो आणि मलाही दरवर्षी हसावं लागतं.

तर सांगायचं ते हे की मी काही फार प्रार्थनाशील माणूस नाही. उपदेश पंधरा मिनिटांच्या पुढे गेला की डुलकी लागते (पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, माहितीये). पण भक्ती, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर मागच्या खोलीत टेबलावर थैल्या उलट्या करून दान मोजायला बसलो की झोप कुठल्या कुठे जाते. लाकडी दांड्याच्या मखमली थैल्या आहेत आमच्या, मरून रंग होता, आता विटून कुठलाच रंग राहिलेला नाही. त्यातून नोटा बाहेर पडतात त्या कोऱ्या नसतात हो, चार घड्या घातलेल्या, कुणाच्या ब्लाऊजमधून आलेल्या, कुणाच्या टोपीतून, हळदीचा वास, तंबाखूचा वास, एका घडीला कायम झंडू बामचा. आणि दहाची नाणी. आमच्याकडे दुकानदार दहाचं नाणं घेत नाहीत, चालत नाही म्हणतात, मग ती सगळी नाणी देवाकडे येतात. बँकेतला कॅशियर मला बघितलं की तोंड वळवतो.

नाण्यांपेक्षा वाचण्यासारखी असतात ती पाकिटं. आमच्यात काही चांगलं झालं की उपकारस्तुतीचं दान देतात, पाकिटावर नाव, रक्कम आणि कारण लिहायचं, पाळकसाहेब ते वाचून दाखवतात आणि मग त्या घरासाठी प्रार्थना होते. ही कारणं बघा. "म्हैस व्याली, रेडी झाली, 101 रुपये." "मुलगा बारावी पास, दुसऱ्यांदा बसून." "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता बायबल दिसतं." "बोअरला पाणी लागलं, 280 फुटाला." एकाने लिहिलं होतं, "सासूबाई बऱ्या झाल्या", आणि खाली त्याच हस्ताक्षरात कंसात, "खरंच". तरुणपणी मी विश्वासावरची जाडजाड पुस्तकं आणून वाचायचा प्रयत्न केला, अर्ध्यात सोडली, पण ही पाकिटं 11 वर्षं वाचतोय.

त्यातलं एक पाकीट दर महिन्याला येतं, 50 रुपये, नाव नाही, आणि कारणाच्या जागी फक्त "देवाला माहीत". ऑडिटला गेल्यावर ऑडिटरने विचारलं, हे "देवाला माहीत" कुठल्या हेडखाली धरलंय? मी म्हटलं संकीर्ण जमा. तो कानडी ब्राह्मण, आमच्या हिशोबात त्याला एरवी कधी रस नसतो, पण त्या दिवशी पेन खाली ठेवून दोन मिनिटं ते पाकीट बघत बसला. अक्षर कुणाचं आहे ते मला कळतं, 30 वर्षं पोस्टात मनीऑर्डरचे फॉर्म वाचलेत, पण ते मी सांगणार नाही आणि म्हणूनच या पत्राखाली माझं नावसुद्धा छापू नका ही विनंती.

आता पाश्चात्त्य पद्धतीबद्दल. साहेब, अमेरिकन मिशनचे लोक नगरला आले ते डिसेंबर 1831 मध्ये (नवीन नाव अहिल्यानगर, पण अजून तोंडात बसलेलं नाही), आणि सुरुवातीला गाणी इंग्रजी चालीवरच बसवलेली होती हे खरं आहे, मराठी शब्द विलायती चालीत कोंबले की जे होतं ते व्हायचं. पण कवी नारायण वामन टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले आणि या माणसाने अभंग आणि भजनं अशी लिहिली की टाळ, पेटी, तबला चर्चमध्ये आपल्या घरच्यासारखे येऊन बसले. ते 1919 ला गेले, आम्ही अजून दर रविवारी तीच भजनं म्हणतो. आमचा डग्गा वाजवणारा म्हातारा 80 च्या पुढचा आहे, तरुण संघाच्या पोरांनी कीबोर्ड आणला तेव्हा त्याने दोन रविवार रुसून डग्गा घरी नेऊन ठेवला होता, तिसऱ्या रविवारी पोरं त्याच्या घरी जाऊन डग्गा आणि म्हातारा दोन्ही रिक्षात घालून घेऊन आली. आता भजनाला डग्गा आणि बाकी गाण्यांना कीबोर्ड असं ठरलंय, तरी भजनाच्या मधेच एखादी बोटं कीबोर्डवर पडतातच आणि म्हातारा असं बघतो की विचारू नका.

आणि पंडिता रमाबाई. लोकांना त्यांचं नाव शाळेच्या धड्यापुरतं माहीत असतं. त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, का, तर साध्या बायकांना वाचून कळावं म्हणून, आणि छापखान्यात खिळे जुळवायला कोण होतं तर मुक्तीतल्याच बायका, दुष्काळातून वाचवून आणलेल्या, टाकून दिलेल्या, विधवा. 1922 मध्ये बाई गेल्या. मी पोस्टात असताना एकदा केडगावला गेलो होतो आणि तेव्हापासून आपण काय करतो ही लाज मनात आहे.

कापणीच्या सणाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पावसाळा संपला की शेतातलं पहिलं काहीतरी घेऊन यायचं, वेदीपुढे ठेवायचं, कणसं, भोपळे, बाजरी, अंडी, कोंबड्या पाय बांधून, आणि भक्ती झाल्यावर त्याचा लिलाव. लिलाव करतो आमचा एक रिटायर कंडक्टर, आवाज तसाच आहे अजून. यंदा कढीपत्त्याची एक जुडी 300 रुपयांना गेली. दुधी 700 ला गेला, घेणाऱ्याने तो परत दान केला, परत लिलाव, परत 450 ला गेला, त्या दुधीची भाजी शेवटी कुणी खाल्ली कुणास ठाऊक. एका शेतकऱ्याने कांद्याची एक क्रेट ठेवली होती, मार्केटमध्ये आदल्या आठवड्यात त्याला वाहतूक खर्चसुद्धा सुटला नव्हता, इथे ती क्रेट 1100 ला गेली. तो उभा राहून म्हणाला, हे कुणीतरी व्यापाऱ्याला सांगा रे. सगळे हसले. त्याने त्यातला एक रुपया घेतला नाही. मी पावती फाडली, आणि खरं सांगतो, माझ्या पोस्टातल्या सगळ्या नोकरीत इतकी जड पावती मी फाडलेली नाही.

पण सगळं असं गोडगोड आहे असं वाटू देऊ नका, कारण चर्चमध्ये भांडणं होतात आणि चांगली होतात. साउंड सिस्टिम घेतली तेव्हा माझं आणि आमच्या चिटणीसाचं वाजलं. 1500 रुपयांचा फरक होता बिलात, मी भर सभेत उभा राहून विचारलं. त्यानंतर आठ महिने आम्ही दोघं दर रविवारी एकाच टेबलावर समोरासमोर बसून दान मोजलं, नियमच आहे की दोघांनी मोजायचं, आणि एक शब्द बोललो नाही. तो नोटा, मी नाणी. आकडा कागदावर लिहून सरकवायचा, मी सही करायची. इतकी बिनचूक मोजणी ना त्याआधी झाली ना नंतर.

मग एका महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) रविवारी, पाळकसाहेबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय घेतला, तुझं दान वेदीपाशी तसंच ठेव, आधी जाऊन आपल्या भावाशी समेट कर आणि मग येऊन दान दे. मी मान खाली घातली. मला वाटलं आमच्यासाठीच मुद्दाम घेतला, नंतर विचारलं तर म्हणाले अहो वाचनाच्या यादीत तोच होता. मोजायला बसलो. थैल्या तशाच पडल्या होत्या, कुणीच उलट्या करेना. शेवटी तो म्हणाला, "1500 चा हिशोब तुझा बरोबर होता, पण सगळ्यांसमोर बोलायला नको होतंस." मी म्हटलं, "नको होतं." मग त्याने थैली उलटी केली आणि आम्ही मोजायला लागलो. मिठ्या वगैरे काही नाही, आमच्या वयाला शोभतपण नाही. त्या दिवशी मोजणी दोनदा चुकली आणि आम्हाला उशीर का झाला म्हणून दोघांच्या बायका बाहेर वैतागल्या.

आणखी एक सांगतो आणि थांबतो, जागा किती देता माहीत नाही. 2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, 22 मार्चचा रविवार हा पहिला बंद रविवार. ईस्टरपण घरीच. फोनवर भक्ती चालायची, कुणाचा आवाज यायचा तर कुणाच्या घरातला कुकर. दान जवळजवळ थांबलंच, पाळकसाहेबांचा पगार कसा काढला ते मलाच ठाऊक. दिवाळीच्या पाडव्याला, 16 नोव्हेंबरला सरकारने देवस्थानं उघडली आणि 22 तारखेच्या रविवारी आम्ही मास्क लावून लांबलांब बसलो. भक्तीनंतर एक आजी मागच्या खोलीच्या दाराशी आल्या. धुणीभांडी करतात, वय 70 च्या आसपास. बिस्किटाचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. आत दहाच्या नोटा होत्या, रबर लावलेल्या. मोजल्या, 35. मी म्हटलं आजी एवढे एकदम? तर म्हणाल्या, "एकदम कुठं, रविवारचे दहा. चर्च बंद होतं, रविवार थोडेच बंद होते."

घरी येऊन कॅलेंडर काढून मोजलं. 22 मार्च ते 15 नोव्हेंबर, बरोबर 35 रविवार. एक चुकला नव्हता. त्यातले कित्येक आठवडे त्यांना कुणी कामावरसुद्धा घेत नव्हतं.

मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या गरीब विधवेची गोष्ट आहे, दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारीची, रविवारच्या शाळेतल्या पोरांनासुद्धा पाठ असते. मीपण शंभरदा ऐकलीये. पण त्या गोष्टीच्या सुरुवातीला एक बारीकसं वाक्य आहे ते मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं, की येशू भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते बघत होता. म्हणजे तोही दानाच्या पेटीजवळच बसला होता. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, चला, यहूदापेक्षा बरी कंपनी मिळाली तुम्हाला.

तर संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी तुमचा माणूस आणि फोटोग्राफर 25 डिसेंबरला पाठवू नका. त्या दिवशी आम्ही नवे कपडे घालून बसलेलो असतो, फोटो एकसारखेच येतील. ऑगस्टमधला एखादा रविवार बघून पाठवा, पाऊस चालू असताना, मागच्या बाजूला पत्रा गळतो तिथे आम्ही बादली ठेवतो, चपलांचा ढीग दारात असतो आणि पोरं रविवारच्या शाळेतून सुटून मधेच आईला शोधत येतात. भक्ती साडेनऊला असते, पण साडेनऊ म्हणजे पावणेदहा. नंतर चहा असतो. तुमच्या माणसाला दान टाकावंसं वाटलं तर कृपा करून दहाचं नाणं तेवढं टाकू नका.

आपला,
एका खेड्यातल्या चर्चचा खजिनदार, अहिल्यानगर जिल्हा
(नाव छापू नये)