इसार घेऊ नका

न्यू जर्सी,
२२ जुलै २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन ठेवता ठेवता बाबांनी सांगितले की माझ्या इथल्या दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी विकायला काढलेल्या रस्त्याकडेच्या तीस गुंठ्यांना गिऱ्हाईक आले आहे, चाळीस लाखांपर्यंत जायला ते तयार आहे आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी इसार देऊन साठेखत करून टाकू म्हणते आहे. मी त्यावर काहीच बोलले नाही, याचा अर्थ मला ते पटले असा तुम्ही घेतला असेल. तसे नाही. आकडे समोर नसताना फोनवर बाबांशी पैशांबद्दल बोलले की मी हरते, हा लहानपणापासूनचा अनुभव आहे, म्हणून सगळा हिशेब कागदावर मांडून हे पत्र दादाकडे पाठवत आहे. शनिवारी तो कराडला येईल तेव्हा मोठ्या अक्षरात छापून आणेल. सोमवारच्या आत वाचा आणि इसार घेऊ नका.

आधी जमिनीच्या पैशांचेच पाहू. आजच्या साधारण ८६ रुपयांच्या भावाने चाळीस लाखांचे ४६,५०० डॉलर होतात. माझ्या पहिल्या वर्षाची शिकवणी फी ८४,००० डॉलर आहे, हत्यारांचा संच आणि प्रयोगशाळेचे साहित्य यांचे ९,००० आणि विमा व परीक्षा शुल्क मिळून आणखी ५,०००, म्हणजे एकूण ९८,००० डॉलर. आजोबांनी विहीर पाडून भिजवलेली, दादाचाही ज्यात हक्क आहे अशी जमीन कायमची गेली, तरी त्यातून माझे पहिले वर्षसुद्धा अर्धे होत नाही. उरलेल्या रकमेसाठी मला कर्ज काढावेच लागेल, तर ते थोडे जास्त काढून जमीन राखलेली काय वाईट?

बाबांचा दुसरा मुद्दा होता की इथे फायनान्शिअल एड मिळते म्हणतात, मग कर्ज कशाला. हा शब्द फसवा आहे, आणि सुरुवातीला मीही फसले. महाविद्यालयातून जे पत्र येते त्यात ‘मदत’ या एकाच मथळ्याखाली शिष्यवृत्ती आणि कर्ज शेजारी शेजारी छापलेले असते, आणि बेरीज पाहून माणसाला वाटते की सगळे भागले. माझ्या पत्रात ९८,००० ची तजवीज दाखवली होती, त्यातली खरोखर परत न करायची रक्कम फक्त ६,००० होती. दंतवैद्यकाच्या शिक्षणात हे असेच असते. पदवीच्या पहिल्या टप्प्यावर गरीब मुलांना सरकारकडून जे अनुदान मिळते ते या व्यावसायिक शिक्षणाला लागू नाही.

राहिलेल्या ९२,००० पैकी ४०,५०० डॉलर केंद्र सरकारच्या डायरेक्ट अनसब्सिडाइज्ड कर्जातून मिळतील. नऊ महिन्यांच्या शैक्षणिक वर्षासाठी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला तेवढीच मर्यादा आहे. त्याचा व्याजदर यंदा ७.९४ टक्के आहे आणि तो कर्ज फिटेपर्यंत बदलत नाही, पण व्याज मात्र पैसे हातात पडल्या दिवसापासून चढते. त्यावरच्या रकमेसाठी ग्रॅड प्लस नावाचे दुसरे सरकारी कर्ज आहे. त्याचा दर ८.९४ टक्के, आणि देतानाच ४.२२८ टक्के कापून घेतात. दहा हजार मागितले तर ९,५७७ हातात येतात आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर लागते. आपल्याकडच्या सावकाराची आठवण यावी असा हा प्रकार आहे, फक्त इथे तो छापील कागदावर आधीच सांगून होतो.

महाविद्यालयाने राहण्या-जेवण्याचा खर्च धरून वर्षाचा एकूण अंदाज १,३१,००० डॉलर दिला आहे आणि तितके कर्ज उचलायला मला मुभा आहे. आम्ही ते करणार नाही. घराचे भाडे, किराणा आणि चिमुरडीची शाळा हे तुमच्या जावयांच्या पगारातून चालेल. मी नोकरी सोडल्यावर ओढाताण होईल, पण उधारीवर भाजी आणायची नाही एवढे आमचे ठरले आहे.

‘एक वर्ष थांब, तोवर काही जमवू’ असे आई म्हणाली होती. त्याचे उत्तर या महिन्यात सरकारनेच दिले. ४ जुलैला इथे एक मोठा कायदा झाला आणि त्यानुसार १ जुलै २०२६ पासून ग्रॅड प्लस नव्या विद्यार्थ्यांना बंद होणार आहे. डॉक्टर, दंतवैद्य, वकील अशा अभ्यासक्रमांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर इतकीच सरकारी कर्जाची मर्यादा राहील. त्याच्या आत ज्यांनी शिक्षण सुरू करून हे कर्ज उचलले आहे त्यांना ते आणखी तीन वर्षांपर्यंत किंवा अभ्यासक्रम संपेपर्यंत, जे आधी होईल तोवर, जुन्या नियमाने मिळेल. माझा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पुढच्या महिन्यात सुरू होणारा. पुढच्या वर्षावर ढकलले असते तर वरचे पैसे खाजगी बँकांकडे मागावे लागले असते, आणि खाजगी बँक म्हटली की बहुधा जामीनदार आला.

जामीनदार या शब्दापाशी मला थांबलेच पाहिजे. २००८ साली बीडीएसच्या प्रवेशाच्या वेळी सहा लाखांचे कर्ज काढले, तेव्हा चार लाखांच्या वर तिऱ्हाइताची हमी लागत होती. बाबा, त्या संध्याकाळी तुम्ही मला मागे बसवून शाळेतल्या गणिताच्या सरांकडे गेलात. फॉर्म शर्टाच्या आतल्या खिशात घडी करून ठेवला होता. सरांनी चहा दिला, मग वहिनींनी पुन्हा चहा दिला, पावसावर आणि मुख्याध्यापकांवर बोलणे झाले, आणि तुम्ही फॉर्म बाहेर न काढताच उठलात. घरी येऊन आईला ‘सर नव्हते’ असे सांगितलेत. मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटे गेलात आणि सही घेऊन आलात, तेव्हा फॉर्मच्या घडीवर घामाचा डाग होता. पुढे तुम्ही सात वर्षे हप्ते भरलेत, आणि त्या सात वर्षांत सरांच्या घरासमोरून जायचे टाळून मागच्या बोळाने येत होतात, हे मला फार नंतर दादाने सांगितले.

या वेळच्या सरकारी कर्जाला जामीनदार नाही, तारण नाही. ग्रॅड प्लससाठी माझा स्वतःचा कर्जफेडीचा इतिहास तपासला गेला आणि त्यात काही थकबाकी नव्हती, एवढे पुरले. तुमच्या नावावर, घरावर, पेन्शनवर याचा काडीइतका बोजा येत नाही. आणखी एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार करत होते, पण बाबा ती विचारतीलच म्हणून लिहिते: माझे काही बरे-वाईट झाले तर हे सरकारी कर्ज तिथेच रद्द होते, मागे राहिलेल्यांकडून कोणी मागत नाही.

हे सगळे मला मिळते आहे ते २०२२ मध्ये ग्रीन कार्ड आले म्हणून. आई, इतकी वर्षे ‘तू डॉक्टर असून दुसऱ्याच्या हाताखाली नळी का धरतेस’ असे तू विचारत होतीस, त्याचे उत्तर यातच आहे. भारतातल्या बीडीएसवर इथे दवाखाना थाटता येत नाही. इथल्या मान्यताप्राप्त महाविद्यालयातून पदवी घ्यावी लागते, आणि त्यासाठी परदेशी दंतवैद्यांना दोन-तीन वर्षांचे वेगळे प्रवेश असतात. ग्रीन कार्ड नसताना शिकायचे तर सरकारी कर्ज नाही. माझ्याबरोबर राष्ट्रीय परीक्षा दिलेल्या एका मुलीने विद्यार्थी व्हिसावर प्रवेश घेतला आणि तिच्या वडिलांचे राहते घर बँकेकडे गहाण आहे. ती हुशार आहे, फेडेल. पण मला तो रस्ता नको होता, म्हणून मी सहायक म्हणून तासाला बावीस डॉलरवर काम करत थांबले.

आता फेडीचे. दोन वर्षांत मिळून मुद्दल साधारण १,९२,००० होईल, आणि पदवीनंतरची सहा महिन्यांची सवलत संपून पहिला हप्ता सुरू होईपर्यंत व्याजासकट ते २,१५,००० च्या आसपास जाईल. रुपयांत हे १ कोटी ८५ लाख होतात. आई, हा आकडा वाचून तू पत्र खाली ठेवू नकोस. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे २,६४० डॉलरचा हप्ता बसतो. इथल्या दंतवैद्याची मध्यम मिळकत वर्षाला दीड लाख डॉलरच्या वर आहे, म्हणजे कर कापण्याआधी महिन्याला साडेबारा हजार. हप्ता जड आहे, पण पगाराच्या पोटात बसणारा आहे. बाबांच्या पगारातून माझ्या बीडीएसचा जो हप्ता जात होता, तो त्या पगाराच्या मानाने याहून जड होता, हे मी परवा जुने पासबुक काढून ताडून पाहिले.

धर्मादाय दवाखान्यात किंवा सरकारी नोकरीत राहून १२० हप्ते भरले तर उरलेले कर्ज माफ होण्याची एक योजना आहे. ग्रीन कार्डवाल्यांनाही ती चालते. जिथे दंतवैद्य नाहीत अशा भागात सेवा केल्यास राष्ट्रीय आरोग्य सेवा दलाकडून कर्ज फेडण्यासाठी पैसे मिळतात, पण त्याला नागरिकत्व लागते, म्हणजे मला अजून काही वर्षे नाही. यांतले मी काहीच हिशेबात धरलेले नाही. हप्त्यांचे नियम गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा बदलले आहेत आणि कोर्टात अडकले आहेत की त्यांच्या भरवशावर आकडे मांडणे म्हणजे पाऊस पडेल म्हणून उसाची लागण करण्यासारखे आहे.

आणि आता तुमच्याकडून खरोखर काय हवे आहे ते. पैसे नकोत, कागद हवे आहेत.

महाविद्यालयाकडे हेल्थ प्रोफेशन्स स्टुडंट लोन नावाचा एक वेगळा निधी असतो. आधीच्या विद्यार्थ्यांनी फेडलेले पैसेच नव्या विद्यार्थ्यांना फिरवून दिले जातात, आपल्या भिशीसारखे. त्याचा व्याजदर पाच टक्के, शिकत असताना व्याज अजिबात नाही, पदवीनंतर एक वर्ष हप्ता नाही, आणि देताना काही कापत नाहीत. मला त्यातून दहा हजार मिळण्याची शक्यता आहे, आणि ते ग्रॅड प्लसमधून कमी होतील. नुसत्या पहिल्या वर्षाच्या व्याजाचे जवळजवळ नऊशे डॉलर आणि कपातीचे चारशे तेवीस असे सुरुवातीलाच वाचतात. मात्र बाकी सगळ्या अर्जांत मला स्वतंत्र कमावती समजणारे हेच लोक या एका निधीसाठी अर्जदाराच्या आई-वडिलांचे उत्पन्न विचारतात. मी पस्तीस वर्षांची आहे, एका मुलीची आई आहे, हे सगळे त्या खिडकीवर सांगून झाले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा तोच फॉर्म पुढे सरकवला.

तर बाबा, तुमची आयकर विवरणपत्रे दोन वर्षांची हवीत. त्यांना २०२३ सालचे उत्पन्न पाहायचे आहे आणि इथले वर्ष जानेवारी ते डिसेंबर असल्याने आपली दोन आर्थिक वर्षे, २०२२-२३ आणि २०२३-२४, लागतात. विवरणपत्रावर मात्र वर ‘असेसमेंट इयर’ छापलेले असते आणि ते एक वर्ष पुढचे असते, तेव्हा २०२३-२४ आणि २०२४-२५ असे छापलेली दोन काढायची. त्यांच्यासोबत कोषागाराकडून मिळालेले पेन्शनचे फॉर्म १६, सातबारा, आठ-अ आणि त्या काळातली उसाच्या बिलाची पावती. सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर मी करून देईन. कागद १५ ऑगस्टपर्यंत माझ्याकडे यायला हवेत.

पेन्शनचा आकडा परक्या लोकांना दाखवायला तुम्हाला संकोच वाटेल, हे मला ठाऊक आहे. ‘एवढीशी रक्कम, काय म्हणतील’ असे तुम्ही आईला म्हणाल. या एका ठिकाणी ती रक्कम लहान असणेच माझ्या कामाचे आहे. जमीन विकली असती तर चाळीस लाख तुमच्या खात्यात दिसले असते आणि हाच निधी कदाचित हातचा गेला असता.

आई, पाटल्यांचा विषय तू काढला नाहीस, पण काढशील. त्या मागच्या वेळी एकदा बँकेत जाऊन आल्या आहेत, तेवढे पुरे.

गिऱ्हाइकाला दादा भेटेल. त्याच्याशी माझे बोलणे झाले आहे आणि त्यालाही विकायचे नाही, तुम्ही मुलीच्या शिक्षणासाठी म्हणालात म्हणून तो बोलला नव्हता. विहिरीवरच्या मोटारीचे काम निघाले आहे असे त्याच्याकडून कळले, त्याचा खर्च आम्ही दोघे मिळून करू.

तब्येतीला जपा. बाबांनी रक्तदाबाची गोळी उपवासाच्या दिवशीही घ्यायची आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. : गणिताचे सर भेटले तर त्यांना माझ्या प्रवेशाचे सांगा, आणि या वेळी कोणाची सही लागली नाही हेही सांगा. त्यांच्याकडे जाताना पुढच्या रस्त्यानेच जा.