सूचना : विषाणू कक्षात काम करणाऱ्या सर्व सदस्यांसाठी

सेंट्रिफ्यूजमध्ये (नमुने वेगाने फिरवून त्यांतील घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) नळी फुटल्याची शंका आली तर झाकण लगेच उघडू नका. यंत्र बंद करून 30 मिनिटे थांबा. हवेत उडालेले सूक्ष्म थेंब खाली बसू द्या. ‘बघू तरी काय झालंय’ ही घाईच नडते.

जैवसुरक्षा कॅबिनेटच्या (ज्या पेटीत विषाणू हाताळतो तिच्या) हवा आत ओढणाऱ्या पुढच्या जाळीवर वह्या ठेवू नयेत.

70 टक्के अल्कोहोल सगळ्यावर चालते, हा समज सोडा. नोरोव्हायरससारख्या बाह्यावरण नसलेल्या विषाणूंवर ते कमी पडते. तिथे रोज ताजे बनवलेले ब्लीचचे द्रावण वापरा, आणि ओतल्या ओतल्या पुसू नका.

संशोधक पाईक यांच्या 1976 च्या पाहणीत प्रयोगशाळेतील 3,921 संसर्गांपैकी 20 टक्क्यांहून कमी संसर्गांमागे ठाऊक असलेला अपघात होता. तेव्हा ताप आल्यास, काही सांडले नसले तरी, त्याच दिवशी सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवावे.